‘ठोकून काढा’ म्हणण्याआधी बाल्टिमोर पाहा

पुण्यात कोयते नाचवत गाड्यांच्या काचा फोडणाऱ्या पोरांचा व्हिडिओ आला की आमच्या घरच्या ग्रुपवर एकच सूर लागतो: पोलिसांचे हात बांधलेत, एकदा मोकळीक द्या, धिंड काढा, ठोकून काढा. मग कुणीतरी मला मध्ये ओढतं. ‘तिकडे अमेरिकेत कसा कडक कायदा असतो, सांग जरा.’ दुसरा लगेच म्हणतो, ‘तिकडे तर रोज गोळीबार!’ धाकटा मामा दर वर्षी ‘सर्वांत धोकादायक शहरां’ची यादी पाठवतो आणि त्यात बाल्टिमोर असतंच. मी बाल्टिमोरजवळच्या हॉवर्ड काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) राहते आणि नोकरीसाठी शहरात जाते. म्हणून हे जरा सविस्तर.

मामा, ‘अमेरिकेत’ म्हणून एकच उत्तर देताच येत नाही. बोस्टन आणि बाल्टिमोर घे. दोन्ही जुनी बंदरं, दोन्हीकडे जगभरातून रुग्ण येतात अशी रुग्णालयं, आणि दोन्ही राज्यांचे बंदुकीचे कायदे अमेरिकेच्या मानाने कडक. बोस्टनची लोकसंख्या बाल्टिमोरपेक्षा थोडी जास्तच आहे. २०२४ मध्ये बोस्टनमध्ये २४ खून झाले, बाल्टिमोरमध्ये २०१. अमेरिकेत भारतापेक्षा किंवा युरोपपेक्षा जास्त माणसं का मारली जातात, याचं मोठं उत्तर बंदूक हेच आहे; जे भांडण एरवी हाणामारीवर थांबलं असतं, ते इथे मुडद्यावर जातं. पण एकाच देशातल्या दोन शहरांत एवढी तफावत कशी?

थोडा भाग हद्दीचा आहे. बाल्टिमोर शहर १८५१ मध्ये काउंटीपासून वेगळं झालं, सेंट लुईस १८७६ मध्ये. नंतर सुखवस्तू वस्ती बाहेर सरकली आणि शहराच्या खात्यात गरीब मोहल्ले उरले. ह्यूस्टनने उलट आजूबाजूची उपनगरं गिळत आपला पसारा वाढवला, त्यामुळे तिथला सरासरी दर आपोआप सौम्य दिसतो. पुण्याला हे समजायला अवघड नाही. १५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवडचं पोलीस आयुक्तालय वेगळं झालं. आदल्या दिवशी वाकडला घडलेला गुन्हा पुण्याच्या आकड्यात, दुसऱ्या दिवशीचा पिंपरी-चिंचवडच्या. माणसं तीच, रस्ते तेच. एफबीआय ही अमेरिकेची केंद्रीय तपास यंत्रणा आपल्या आकड्यांवरून शहरांची क्रमवारी लावू नका असं बजावते. आपला एनसीआरबी, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांचे आकडे काढणारा सरकारी विभागही सांगतो की गुन्हे वाढणं वेगळं आणि गुन्ह्यांची नोंद वाढणं वेगळं. नागपूरला ‘क्राइम कॅपिटल’ म्हणणाऱ्यांनी ती ओळ वाचायला हवी.

पण हद्दीने सगळं सुटत नाही, कारण बोस्टनची हद्दही छोटीच आहे.

ऑफिसला जाताना मी कधी कधी मोठा हायवे सोडून एडमंडसन अव्हेन्यूने जाते. केटन्सव्हिल या उपनगरातली झाडं आणि लॉन मागे पडतात आणि थोड्याच वेळात एकमेकांना चिकटलेल्या विटांच्या घरांच्या रांगा लागतात. दारापुढे अजून पांढऱ्या संगमरवराच्या पायऱ्या, आणि दारं-खिडक्यांवर प्लायवूड ठोकलेलं. खांबांवर पोलिसांच्या कॅमेऱ्यांचे निळे दिवे भर दिवसा लुकलुकत असतात. शहरात अशी ओस पडलेली घरं हजारोंनी आहेत. १९१० मध्ये याच शहराने कृष्णवर्णीयांनी कुठल्या गल्लीत राहायचं याचा वटहुकूम काढला होता. तो १९१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बाद झाला, तर १९३० च्या दशकात सरकारी नकाशांवर हेच मोहल्ले लाल रंगवून तिथे कर्ज देणं धोक्याचं ठरवलं गेलं. पुढे स्पॅरोज पॉइंटचा पोलाद कारखाना, जिथे एके काळी सुमारे ३०,००० माणसं कामाला होती, आटत आटत २०१२ मध्ये बंद पडला. १९५० मध्ये साडेनऊ लाखांचं शहर २०२० मध्ये पावणेसहा लाखांच्या आसपास आलं. बोस्टनही ओसरलं होतं, पण १९८० नंतर ते पुन्हा भरत गेलं.

आता ‘मोकळीक द्या’ याकडे येते. बाल्टिमोरने ती देऊन पाहिली आहे. २००५ मध्ये साडेसहा लाखांपेक्षा कमी वस्तीच्या या शहरात पोलिसांनी एका वर्षात एक लाखाहून जास्त अटका केल्या. घराच्या पायरीवर बसलेली, कोपऱ्यावर उभी असलेली पोरं उचलली जात. त्या वर्षी खून झाले २६९. उरली ती पोलिसांबद्दलची चीड. एप्रिल २०१५ मध्ये फ्रेडी ग्रे हा तरुण पोलीस कोठडीत जखमी होऊन मरण पावला आणि शहर पेटलं. २०१४ ला २११ खून होते, २०१५ ला ३४० च्या वर, आणि त्यातल्या जेमतेम ३० टक्क्यांचा तपास लागला. दोन वर्षांनी कळलं की बंदुका पकडायला नेमलेल्या खास पथकातले पोलीसच लोकांना लुटत होते. मोकळीक मिळालेलं पथक ते हेच.

खुनाचा तपास लागत नाही तेव्हा काय होतं ते समजून घे. मेलेल्याच्या भावाला ठाऊक असतं कुणी मारलं. न्यायालय काही करणार नाही हेही ठाऊक असतं. मग तो स्वतः हिशेब चुकता करतो आणि तपास न लागलेला आणखी एक खून जमा होतो. साक्षीदार का बोलत नाहीत? २००२ मध्ये इथल्या एका बाईने गल्लीतल्या ड्रग विकणाऱ्यांची तक्रार केली, तर तिचं घर रात्री पेटवून दिलं; नवरा आणि पाच मुलांसह ती गेली. त्या भागात वाढलेल्या कुणाला ‘पुढे येऊन सांगा’ म्हणताना माझी जीभ अडखळते.

बोस्टनमध्ये १९९० ला १५२ खून झाले होते. तिथे १९९६ पासून पोलीस, पाद्री आणि समाजसेवक एकत्र बसले. गोळीबार करणारे सगळ्या शहरात मूठभरच आहेत, हे त्यांनी नावानिशी शोधलं. त्या पोरांना समोर बसवून सांगितलं: पुढची गोळी तुमच्या टोळीतून सुटली तर सगळी यंत्रणा तुमच्या मागे लागेल, सोडायचं असेल तर नोकरी, शिक्षण, मदत इथे आहे. १९९९ ला आकडा ३१ वर आला. काम ढेपाळलं तेव्हा पुन्हा चढलाही. बाल्टिमोरने जवळपास हीच पद्धत २०२२ मध्ये पश्चिम विभागातून नेटाने सुरू केली. त्या वर्षी ३३० च्या वर खून होते, दोन वर्षांत २०१. संपूर्ण देशातच या काळात खून कमी झाले, त्यामुळे सगळं श्रेय या कामाला देता येणार नाही. पण तपास लागण्याचं प्रमाणही निम्म्याच्या बरंच वर गेलं आहे, आणि माझ्या मते खरा फरक तिथे आहे.

पुण्यातल्या त्या पोरांपैकी बरीच अल्पवयीन असतात. धिंडीचा व्हिडिओ त्यांच्यासाठी जाहिरात होते, हे तुम्हीही पाहिलं आहे. आपल्याकडे खुनाच्या बहुतेक प्रकरणांत आरोपपत्र दाखल होतं, म्हणजे तपासाची बाजू बाल्टिमोरपेक्षा चांगली आहे. गाडं अडतं ते पुढे: साक्षीदार फितूर होतात, तारखा पडत राहतात, आणि निकाल लागलेल्या खटल्यांत निम्म्याहून कमी वेळा शिक्षा होते. मामा, तुमच्या सोसायटीबाहेर गाड्या फुटल्या तेव्हा जबाब द्यायला तू एकटा चौकीत गेलास. शेजाऱ्यांनी ‘कशाला नसती झंझट’ म्हणून अंग काढून घेतलं. तुला अजून साक्षीचं समन्स आलेलं नाही. ग्रुपवर राग काढायचाच असेल तर आधी त्यावर काढू या.