दगडी बंधारा, तिवरं आणि आमचा खारपाणपट्टा

"विदर्भात बसून कोकणाला शहाणपण शिकवू नका. आमच्या गावाला दगडी बंधारा हवाय, झाडांनी समुद्र अडत नसतो," असं तुम्ही माझ्या लेखाखाली लिहिलंत. किनाऱ्याची धूप रोखायला सरसकट दगड नको, जागा बघून उपाय निवडा, असं मी त्या लेखात म्हटलं होतं. तुमचं घर किनाऱ्यावर आहे, त्यामुळे राग समजतो. पण मुद्दा मी सोडणार नाही.

मी अकोला जिल्ह्यातल्या खारपाणपट्ट्यातला. समुद्र शेकडो कोस लांब, तरी पूर्णेच्या खोऱ्यात विहिरीचं पाणी खारं. त्यात डाळ शिजत नाही. तेच पाणी काळ्या रानाला दिलं की जमीन चोपण होते, वर कडक पापडी धरते आणि पुढचा पाऊसही आत मुरत नाही. म्हणून इतरांना विहीर तारते, आम्हाला शेततळं. जमीन बघून उपाय निवडा, किनाऱ्याबद्दलही मी एवढंच म्हणतोय.

धूपप्रतिबंधक बंधारा नकोच, असं मी लिहिलेलं नाही. घरं लाटेच्या तोंडाशी असतील तर दगड टाकावेच लागतात. पण दगडावर आपटलेली लाट परतताना पुढ्यातली वाळू ओढून नेते आणि बंधारा संपतो तिथून शेजारच्या वाडीचा किनारा खायला लागते. पुळणच, म्हणजे किनाऱ्याची वाळूच, गेली तर रापणीचं मोठं जाळं कुठे ओढणार, होड्या कुठे लावणार?

तिवरांबद्दल, म्हणजे खारफुटीच्या झाडांबद्दल, तुमचं निम्मं बरोबर आहे. उघड्या वाळूच्या किनाऱ्यावर ती जगत नाहीत, ती खाडीच्या चिखलातली. तिथे मात्र त्यांना कमी लेखू नका. १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशातल्या केंद्रपाडा जिल्ह्यात ज्या गावांपुढे तिवरांचा पट्टा रुंद होता, तिथे माणसं कमी दगावली. अर्थात वेळेवर मिळालेल्या इशाऱ्याने त्याहून जास्त जीव वाचवले.

आणि झाडांची बाजू घेणाऱ्यांनी रायगडकडेही बघावं. भरतीचं पाणी शेताबाहेर ठेवणाऱ्या बांधाला, खारबंदिस्तीला, खांड पडते, दुरुस्ती रखडते, भरतीचं पाणी भातखाचरात शिरतं. मागोमाग तिथे तिवरं उगवतात आणि ती तोडायला बंदी! शेतकऱ्याचं पीक गेलं ते गेलंच, जमीनही अडकली. अशा ठिकाणी नवी लागवड कशाला? आधी बांध आणि उघाडी, म्हणजे बांधातली पाणी सोडायची दारं, दुरुस्त करा.

तुमच्या गावच्या बंधाऱ्याच्या प्रस्तावात शेजारच्या वाडीचं काय होणार आणि दरवर्षीची डागडुजी कोण करणार, हे लिहिलं असेल तर ती पानं मला जरूर पाठवा. पुढचा लेख त्यांच्यावरच लिहीन.