दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर झालेल्या जंतुसंसर्गाबाबत आपल्या अभिप्रायास उत्तर

महोदय, सप्रेम नमस्कार.

आपल्या मातोश्रींची पित्ताशयाची शस्त्रक्रिया आमच्या रुग्णालयात दुर्बिणीने झाली, तिसऱ्या दिवशी त्या घरी गेल्या आणि साधारण महिन्याभराने बेंबीजवळच्या टाक्याच्या जागी गाठ येऊन त्यातून पाणी येऊ लागले, असे आपण लिहिले आहे. दाखवायला आणल्यावर ‘शुगरमुळे होते, घरी ड्रेसिंग नीट ठेवले नसेल’ असे आपल्याला सांगण्यात आले, रात्रपाळीच्या सिस्टरने त्याच हातमोज्यांनी दोन रुग्ण हाताळले आणि खर्च वाचवण्यासाठी अँटिबायोटिकचे एकच इंजेक्शन दिले, अशाही आपल्या तक्रारी आहेत. रुग्णाची माहिती चारचौघांत मांडणे मला योग्य वाटत नाही, म्हणून आपण स्वतः जाहीर केले आहे तेवढ्यापुरतेच हे उत्तर आहे.

शुगर वाढलेली असेल तर जखम चिघळण्याची शक्यता वाढते, हे खरे आहे. परंतु दुर्बिणीची जखम आधी चांगली भरून येते आणि तीन-चार आठवड्यांनी पुन्हा फुटते, साध्या कल्चरमध्ये (स्राव प्रयोगशाळेत ठेवून जंतू वाढतात का ते पाहण्याच्या तपासणीत) दोन दिवसांत काही उगवत नाही आणि नेहमीच्या गोळ्यांनी फरक पडत नाही, तेव्हा शल्यचिकित्सकाच्या मनात पहिली शंका क्षयाच्या जंतूंच्या कुळातल्या, पण क्षय न करणाऱ्या जंतूंची यायला हवी. हे जंतू नळाच्या पाण्यात, टाकीत आणि पाइपच्या आतल्या बुळबुळीत थरात राहतात आणि अशा जखमेत ते बहुधा उपकरणांबरोबर जातात. म्हणजे दोष आमच्याकडे शोधायला हवा होता आणि आम्ही तो आपल्या घरात शोधला. याबद्दल मी आपली आणि आपल्या मातोश्रींची मनापासून क्षमा मागतो.

आपला अभिप्राय वाचल्यावर मी शस्त्रक्रियागृह दोन दिवस बंद ठेवले आणि दुर्बिणीचा संच स्वतः सुटा केला. ही उपकरणे लांब, पोकळ नळीची असतात आणि टोकाच्या पकडीला बारीक सांधा असतो. वरून चकचकीत दिसणाऱ्या एका उपकरणाच्या नळीतून ब्रश फिरवून तो गॉजवर पुसला, तेव्हा पांढऱ्या गॉजवर तपकिरी रेघ उमटली. ते वाळलेले रक्त होते. असा थर राहिला, की त्याखाली दडलेल्या जंतूंपर्यंत जंतुनाशक नीट पोहोचत नाही. दुसरी चूक पाण्याची. दोन शस्त्रक्रियांच्या मध्ये उपकरणे ग्लुटाराल्डिहाइड या जंतुनाशकाच्या २ टक्के द्रावणात वीस मिनिटे बुडवायची आणि मग उकळून गार केलेल्या पाण्यात खळबळून घ्यायची, ही पद्धत लहान रुग्णालयांत वर्षानुवर्षे चालत आलेली आहे आणि आमच्याकडेही तीच होती. वीस मिनिटांत पूर्ण निर्जंतुकीकरण होत नाही. बीजाणूंसकट (जंतूंच्या कठीण कवचातल्या सुप्त रूपांसकट) सगळे जंतू मरायला त्याच द्रावणात दहा तास लागतात. शिवाय ते पाणी सकाळी ट्रेमध्ये ओतले, की दुपारपर्यंत तसेच उघडे राहत असे. ब्राझीलमध्ये २००४ ते २००८ या काळात दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांनंतर अशाच जंतूंची मोठी साथ आली होती आणि तिथले जंतू २ टक्के ग्लुटाराल्डिहाइडला दाद देत नव्हते, हे मी वाचलेले होते. वाचूनही मी माझ्याच शस्त्रक्रियागृहातला ट्रे तपासला नाही, याची मला खंत आहे.

आता ग्लुटाराल्डिहाइडचा ट्रे बंद केला आहे. प्रत्येक उपकरण सुटे करून, ब्रशने घासून, वाळवून १३४ अंशांच्या वाफेत ऑटोक्लेव्ह होते, आणि वाफ न सोसणारे भाग वायूने निर्जंतुक करायला बाहेर पाठवले जातात. त्याला बराच वेळ लागतो आणि आमच्याकडे दोनच संच आहेत, त्यामुळे दिवसाला दोनपेक्षा जास्त दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया आम्ही घेत नाही; रुग्णांना थांबावे लागते, पण त्याला इलाज नाही. ऑटोक्लेव्हमध्ये जाणाऱ्या पाकिटावरच्या पट्टीवर काळ्या रेघा उमटल्या म्हणजे पाकिटाला उष्णता लागली एवढेच कळते, म्हणून दर आठवड्याला जिवंत बीजाणूंची कुपी आत ठेवून ते खरोखर मेले का, हेही तपासले जाते. जुन्या पद्धतीने धुतलेल्या उपकरणांनी शस्त्रक्रिया झालेल्या मागील सहा महिन्यांतील सर्व रुग्णांना आम्ही फोन करून तपासणीसाठी बोलावत आहोत.

हातमोज्यांबाबत आपण पाहिले ते बरोबर आहे. हातमोजे नर्सचे रक्षण करतात, पण तेच घालून दुसऱ्या रुग्णाला हात लावला तर त्या रुग्णाचे रक्षण होत नाही. ते दर रुग्णामागे बदलायचे आणि काढल्यावर हातही स्वच्छ करायचे असतात. तरीही त्या सिस्टरला मी दोष देणार नाही. बारा खाटांना रात्री त्या एकट्या होत्या आणि हॅन्डरबची (हातांना चोळायच्या जंतुनाशकाची) एकमेव बाटली दाराजवळच्या भिंतीवर होती. वीस-तीस सेकंदांच्या कामासाठी दर वेळी दारापर्यंत जावे लागत असेल, तर ते काम राहून जाणारच, आणि ही व्यवस्था माझी होती. आता प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी बाटली अडकवली आहे आणि रात्रपाळीला दोन सिस्टर असतात. ‘सिस्टर, हात स्वच्छ केलेत का?’ असे नातेवाइकांनी विचारले, तर कोणीही राग मानणार नाही, हे सर्वांना सांगितले आहे. डॉक्टरांनाही विचारावे, मलाही.

अँटिबायोटिकच्या मुद्द्यावर मात्र मी आपल्याशी सहमत नाही. चिरा देण्याआधीच्या तासाभरात दिलेली एक मात्रा अशा शस्त्रक्रियेसाठी पुरेशी असते. पुढे आठवडाभर इंजेक्शने दिल्याने संसर्ग टळत नाही, उलट औषधांना न जुमानणारे जंतू वाढतात. आपल्या मातोश्रींना झालेला संसर्ग सात दिवसांच्या नेहमीच्या अँटिबायोटिकनेही टळला नसता. यात पैसे वाचवण्याचा विचार नव्हता आणि पुढच्या रुग्णालाही मी एकच मात्रा देईन.

या संसर्गाचे उपचार काही महिने चालतात, सहसा एकापेक्षा जास्त औषधे द्यावी लागतात आणि कधी ती जागा पुन्हा उघडून साफ करावी लागते. हा सर्व खर्च रुग्णालय करेल, उपचार आपण दुसरीकडे घेतले तरीही. स्रावाचा नमुना काही आठवडे ठेवून बघणाऱ्या प्रयोगशाळेकडे पाठवायचा आहे, त्यामुळे तोवर नवीन अँटिबायोटिक सुरू झाले नसेल तर बरे. ताप असेल किंवा दुखणे वाढले असेल, तर मात्र न थांबता लगेच यावे. आतापर्यंतच्या औषधांच्या आणि ड्रेसिंगच्या पावत्या सोबत आणाव्यात, ती रक्कम त्याच दिवशी परत केली जाईल. स्वागतकक्षात आपल्या मातोश्रींचे नाव सांगितले, की रांगेत न थांबवता आपल्याला थेट माझ्याकडे पाठवतील.

आपला,
संचालक व शल्यचिकित्सक