आधी जहाज की आधी जमीन?

नाशिककराचा पाण्याशी संबंध रामकुंडापुरता. फार झालं तर गंगापूर धरणावर बोटीत बसून एखादा फोटो. अशा माणसांनी लक्षद्वीपला जाऊ नये असं नाही. पण जायचं तर एकतर जहाजाची सहल करावी, नाहीतर बेटावर जाऊन गुपचूप राहावं. दोन्ही एकत्र करायला जाऊ नये. आम्ही केलं, कारण बायकोला जहाज हवं होतं आणि बाबांना पायाखाली जमीन. आमच्याकडे वाद मिटवायची एकच रीत आहे : दोघांचंही ऐकायचं आणि पैसे मी द्यायचे.

तिकडे पोचणं म्हटलं तर सोपं. मंगला-लक्षद्वीप एक्सप्रेस नाशिकरोडला थांबतेच. त्या नावावर आई निर्धास्त होती. गाडी एर्नाकुलमला, म्हणजे कोचीला, संपते आणि पुढे अरबी समुद्र लागतो हे कळल्यावर तिनं थेट टीसीलाच विचारलं, "मग पाटीवर लिहिता कशाला?"

लक्षद्वीपला जायला भारतीयांनाही परवाना लागतो. त्यासाठी पोलिसांचा दाखला काढायला गेलो, तर तिथल्या साहेबांनी बाबांना आपादमस्तक न्याहाळलं. "काका, कशासाठी जाताय?" बाबा म्हणाले, "सून म्हणते म्हणून." साहेबांनी पुढचा एकही प्रश्न विचारला नाही. बंगारम बेट सोडलं तर तिकडे दारूबंदी आहे हे कळताच माझ्या मेव्हण्याला ऑफिसात अचानक काम निघालं.

खरी गंमत एजंटच्या टेबलाशी झाली. जहाजाचं पॅकेज असं : कोचीहून निघायचं, दिवसा कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय बघायचं, रात्री झोपायला परत जहाजावर. शेवटी कोची. बेटावरचा मुक्काम अगत्तीला, तिथे कोचीहून विमान.

"म्हणजे बेटावर जायचं, कोचीला परत यायचं, आणि पुन्हा बेटावर जायचं?" बाबा.

"हो काका."

"मग पहिल्यांदा गेलो की तिथंच राहिलो तर?"

"काका, ते पॅकेज वेगळं."

बाबांनी कागद उलटा करून पाहिला. मागच्या बाजूला काही नव्हतं.

त्यातल्या त्यात जहाज आधी घ्यावं आणि कोचीत एक रात्र मोकळी ठेवावी, हे माझं ठाम मत. समुद्राचं मन फिरलं तर जहाज रखडतं, आणि अगत्तीचं ते छोटं विमान कुणाच्या बाबांसाठी थांबत नाही.

जहाजावर मात्र बाबा खूश. चहा वेळेवर, केबिनमध्ये पंख्याचा आवाज नाही, रात्रभर घोरले. पंचाईत उतरताना. बेटांभोवती प्रवाळाची कडी आणि आत उथळ पाणी, त्यामुळे जहाज भर समुद्रात थांबतं आणि माणसं छोट्या बोटीत उतरवतात. लाट आली की बोट दाराशी, लाट गेली की बोट पार खाली. दोन खलाशी आईचे दंड धरून उभे. तिच्या एका हातात कोंडाजीचा चिवडा, दुसऱ्या हातात पदर. ते मल्याळममध्ये "आत्ता" की "नको" म्हणत होते, देव जाणे. "अरे बाबांनो, थांबा, पदर..." एवढं म्हणेपर्यंत आई बोटीत होती. एक चप्पल वर जहाजाच्या दारात राहिली होती. ती मागून एका गृहस्थांनी अदबीनं आणून दिली. चिवडा सुखरूप होता. मिनिकॉयचं १८८५ सालचं दीपगृह बघताना सगळे वर बघत होते, आई चपलेकडे.

मग अगत्ती. निळंशार पाणी, माड, पायाखाली पक्की जमीन. बाबांनी हट्टानं मिळवलेली. संध्याकाळी ते खोलीबाहेर आले आणि खांबाला धरून उभे राहिले.

"हे बेट हलतंय."

"बाबा, बेट कसं हलेल?"

"मला विचारू नकोस, त्याला विचार."

जहाजावरून उतरल्यावर असं होतं म्हणे, एक-दोन दिवसांत जातं. पण बाबांचा मुक्कामच तेवढा होता. जेवताना त्यांनी ताट डाव्या हातानं धरून ठेवलं, घसरू नये म्हणून.

"मग बाबा, पुढच्या वेळी नुसतं जहाज?" बायकोनं हळूच विचारलं.

बाबांनी जवळचा माड घट्ट धरला. "आधी हे थांबू दे."