डिस्कला तेल नको!

सिग्नलला थांबताना माझ्या बाईकच्या पुढच्या चाकातून 'चींऽऽ' निघाली की शेजारचा स्कूटरवाला आधी चाकाकडे पाहतो, मग माझ्याकडे. पुढचं वाक्य मला पाठ आहे: "दोन थेंब ऑइल सोडा की!"

यात त्याचा दोष नाही. आपल्याकडे कुरकुरणाऱ्या प्रत्येक वस्तूवर एकच औषध आहे. बिजागरी, झोपाळ्याची कडी, शिलाई मशीन, सगळ्यांना दोन थेंब. डिस्क ब्रेक मात्र त्या घराण्यातला नाही. त्याचा धंदाच घर्षणाचा: ब्रेक दाबला की चाकाबरोबर फिरणारी चकती, म्हणजे डिस्क, दोन पॅडांच्या चिमटीत धरली जाते. खंडेनवमीला गाडी धुऊन, पॉलिश मारून, डिस्कसुद्धा आरशासारखी चमकवणारे भक्त दुसऱ्या दिवशी ब्रेकच्या नावाने का ओरडतात, ते इथेच कळतं. पॅड तेल पितं, गरम झालं की त्यावर काचेसारखा थर चढतो. मग आवाज वाढतो आणि ब्रेक कमी लागतो. तेल प्यायलेलं पॅड गॅसवर भाजून पुन्हा बसवणारे मेकॅनिकही आहेत. भरीत वांग्याचं करावं, पॅडचं नाही. ते फेकून जोडीच नवी घ्यावी.

आवाज नेमका येतो कुठून? फळ्यावर खडू उभा धरला की किंचाळायचा आणि गुरुजी तो मोडून आखूड करायचे, तेच शास्त्र. पॅड डिस्कवर क्षणभर चिकटतं, सुटतं, पुन्हा चिकटतं. त्या थरथरीला कॅलिपरमधल्या, म्हणजे पॅड धरणाऱ्या चिमट्यातल्या, कोरड्या, सैल भागांची साथ मिळाली की मैफल जमते. पावसात रात्रभर उभ्या गाडीने सकाळी दोन-चार ब्रेक ओरडून काढले तर दुर्लक्ष करा, डिस्कवरचा गंज पुसला जातोय. पण 'चीं' जाऊन 'खर्रर्र' सुरू झालं असेल तर पॅड संपून लोखंडावर लोखंड घासतंय. तेव्हा पुढचं वाचू नका, पॅड आणायला जा. रिक्षाने.

काम तासाभराचं. पॅड ज्या पिनने अडकवलेलं असतं ती पिन कॅलिपर गाडीवर असतानाच सैल करायची. आधी कॅलिपर काढला की तो हातात गरगर फिरतो आणि अ‍ॅलन की (षटकोनी पाना) फक्त पिनचं तोंड खराब करते. मग कॅलिपरचे दोन बोल्ट. बऱ्याच साध्या गाड्यांना १२ चा पाना चालतो. कॅलिपर होजवर, म्हणजे ब्रेक ऑइलच्या नळीवर, लोंबकळत ठेवू नका, दोरीने बांधा. आणि तो बाहेर असताना 'बघू काय होतं' म्हणून ब्रेक दाबणारं पोर प्रत्येक सोसायटीत असतं. होतं एवढंच की पॅडला ढकलणारा पिस्टन बाहेर येतो. पोराला आधी क्रिकेटला पाठवा.

पॅडच्या मसाल्यावरची (घासणाऱ्या थरावरची) खाच दिसेनाशी झाली असेल तर पॅड संपलं. शिल्लक असेल तर १२० नंबरचा पॉलिश पेपर सपाट फरशीवर ठेवून पॅड त्यावर इंग्रजी आठच्या आकारात, चमक जाईपर्यंत घासायचं. तोंडाला मास्क हवा, आणि धूळ फुंकायची नाही. कडा पंचेचाळीस अंशांत मिलीमीटरभर उतरवल्या की खडू मोडल्याचं पुण्य मिळतं. डिस्क दोन्ही बाजूंनी ब्रेक क्लीनरने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, पांढरं फडकं पांढरं राहीपर्यंत. पेट्रोल नको.

पिस्टन मागे ढकलण्याआधी ब्रशने स्वच्छ करा, नाहीतर सगळा चिखल सीलमध्ये जातो. ढकलताना हँडलवरच्या टाकीतलं ब्रेक ऑइल वर चढतं. ते सांडलं तर पेट्रोलच्या टाकीचा रंग खातं, म्हणून खाली फडकं आणि शेजारी पाण्याची बाटली.

आता ज्या क्षणाची स्कूटरवाला वाट पाहत होता तो. वंगण चालतं, पण दोनच जागी. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो तिथे सिलिकॉन ग्रीस, तुरीच्या डाळीएवढं. साधं पिवळं ग्रीस पिनांवरची रबरी टोपणं (बूट) फुगवतं आणि पिन अडकते. अडकली की एकच पॅड झिजतं आणि आवाज दुप्पट जोमाने परत येतो. दुसरी जागा पॅडची पाठ, जिथे पिस्टन टेकतो. तिथे उष्णता सोसणाऱ्या पेस्टचा नुसता हात फिरवायचा. सगळं बसवून झाल्यावर एक चिमुकली पत्ती उरली तर 'कंपनीने जास्तीची दिली' असं समजून डब्यात टाकू नका. पॅडची थरथर दाबायला ती असते. पुन्हा खोला.

बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला, म्हणजे तेवढ्याच जोराने, आवळा. निघण्याआधी लिव्हर घट्ट होईपर्यंत दाबत राहा. पिस्टन मागे गेलेला असतो, त्यामुळे पहिला दाब हवेत जातो आणि पहिला ब्रेक सोसायटीच्या गेटला लागतो. मग मोकळ्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरवरून १० पर्यंत, दहा-बारा वेळा, मध्ये डिस्क थंड होऊ देत ब्रेक मारा. वॉचमन संशयाने पाहील, पाहू दे.

एवढं करूनही 'चीं' राहिली तर डिस्क वाकडी किंवा झिजलेली असू शकते. किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. सिंटर्ड (धातूची पूड दाबून-भाजून केलेली) पॅडं मात्र जातीचीच बोलकी.

आवाज गेला की दुसऱ्याच दिवशी चेनची करकर ऐकू येते. तिथे तेल सोडा, बिनधास्त. फक्त मागे डिस्क असेल तर तिच्यावर आधी जुनं वर्तमानपत्र गुंडाळा.