‘रद्दीतून खोके म्हणजे धूळफेक’ हा दावा कुठे फसतो

एक मजकूर बरेच दिवस फिरतोय: ‘रद्दीपासून खोके बनवणं ही शुद्ध धूळफेक. शाई काढायला ढीगभर रसायनं लागतात, कागद एकदाच पुन्हा वापरता येतो आणि खोका निघतो तकलादू.’

आधी शाई. तपकिरी खोक्यासाठी ती सहसा काढतच नाहीत. पांढरा कागद हवा असेल तरच तो खटाटोप: लगद्यात साबण मिसळून खालून हवा सोडतात, शाई फेसाला चिकटून वर येते. खोक्याच्या कारखान्याची खरी डोकेदुखी म्हणजे चिकटपट्टी, पिना आणि प्लॅस्टिक. पल्परमध्ये, म्हणजे तळाशी पातं फिरणाऱ्या अजस्र टाकीत, रद्दी पाण्यात घुसळली जाते. आत सोडलेल्या दोराभोवती तारा, चिंध्या, प्लॅस्टिकच्या पट्ट्या गुंडाळत जातात आणि तो बरबटलेला जाडजूड दोर हळूहळू वर ओढून काढतात. नावं ठेवायचीच तर खोक्यावर अर्धा रोल चिकटपट्टी मारणाऱ्यांना ठेवा.

‘एकदाच’ हे साफ खोटं. दर फेरीत काही तंतू तुटतात. वाळून ताठरलेले तंतू पुढच्या वेळी पाण्यात पूर्वीइतके फुगत नाहीत, म्हणून एकमेकांना घट्ट धरत नाहीत. घट होते ती अशी, टप्प्याटप्प्याने. पाच-सात फेऱ्या हा नेहमी सांगितला जाणारा आकडा. काही तंतू दर वेळी वाहून जातात, त्यामुळे साखळीत ताजा लगदा घालावाच लागतो, हे मात्र खरं.

तकलादूपणाच्या आरोपात थोडं तथ्य आहे. ताज्या लाकडाच्या लगद्याचा क्राफ्ट कागद फाडा, कडेला लांब केसाळ तंतू दिसतील. रद्दीच्या कागदाची कड आखूड, भुरभुरीत. पण थप्पीत खालचा खोका दबेल की नाही हे एकट्या कागदावर ठरत नाही. खोका किती दाब सोसेल याचा अंदाज देणारं, १९६३ पासून वापरात असलेलं मॅकीचं सूत्र पुठ्ठ्याची उभ्या कडेवरची ताकद, त्याची जाडी आणि खोक्याचा घेर बघतं. कागद कमी पडला तर स्टार्च चढवतात किंवा जीएसएम, म्हणजे कागदाचं दर चौरस मीटरला ग्रॅममधलं वजन, वाढवतात. दमट गोदामात जड माल रचायचा असेल, तर मीही क्राफ्टच मागेन.

गंमत म्हणजे, सगळ्यात अडचणीचा प्रश्न या मजकुराने विचारलेलाच नाही. क्राफ्ट पद्धतीत, म्हणजे लाकूड रसायनांत शिजवून लगदा करताना, लाकडाचा साधारण निम्माच भाग लगदा होतो. उरलेलं लिग्निन (लाकडात तंतूंना एकत्र धरून ठेवणारा पदार्थ) वगैरे जाळून कारखाना स्वतःची बरीच ऊर्जा मिळवतो. रद्दीच्या कारखान्याकडे हे फुकटचं इंधन नसतं. एकूण ऊर्जा त्याला कमी लागते, पण बॉयलरमध्ये कोळसा जळत असेल तर कार्बनच्या हिशेबात ती बचत बरीचशी आटते.