प्रयोगशाळेचे फर्निचर : ‘स्टेनलेस घ्या आणि निर्धास्त राहा’ या सल्ल्याचा प्रतिवाद

महाविद्यालयांच्या खरेदी समित्यांमध्ये एक सल्ला हातोहात फिरत असतो. त्याचा गोषवारा असा : स्टेनलेस स्टील कधीच गंजत नाही, म्हणून प्रयोगशाळेतील कपाटे आणि टेबलांचे सांगाडे त्याचेच करावेत, चुंबक चिकटला नाही की पत्रा ३०४ या स्टेनलेसच्या प्रचलित दर्जाचा समजावा, सीआरसीए (थंड अवस्थेत लाटून, मग तापवून मऊ केलेला पोलादी पत्रा) म्हणजे साधे लोखंड, ते दोन वर्षांत सडते, आणि पैसे कमी पडत असतील तर जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा घ्यावा, त्याला रंगही लागत नाही.

यातील पहिले विधान सर्वांत महागात पडणारे आहे. स्टेनलेसचा गंजरोध हा क्रोमियममुळे पृष्ठभागावर तयार होणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या ऑक्साइडच्या थरावर अवलंबून असतो. ओरखडा गेला तर हा थर हवेतील ऑक्सिजनने पुन्हा भरून येतो. क्लोराइडपुढे मात्र त्याचे फारसे चालत नाही. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत रोज हाताळले जाणारे हायड्रोक्लोरिक आम्ल नेमके क्लोराइडचेच आहे. बाटलीचे बूच सैल राहिले की त्याची वाफ बंद कपाटात साचते, दमट हवेबरोबर पत्र्यावर बसते आणि सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असलेल्या ३०४ वरही तपकिरी डाग आणि टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडू लागतात. २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असलेले ३१६ दर्जाचे स्टेनलेस अधिक तग धरते, पण संहत हायड्रोक्लोरिकपुढे तेही टिकत नाही. गंमत अशी की, संहत नायट्रिक आम्लाला हेच ३०४ सहसा दाद देत नाही. म्हणून कोणता पत्रा, याआधी कोणते रसायन, हे विचारले पाहिजे. आम्लाच्या बाटल्यांसाठी तर पॉलिप्रॉपिलिनचे, हवा खेचून बाहेर सोडणारे कपाटच योग्य.

चुंबकाच्या परीक्षेबद्दल थोडक्यात सांगता येईल. २०२ दर्जाच्या किंवा बाजारात ‘जे-४’ म्हणून मिळणाऱ्या स्वस्त स्टेनलेस पत्र्यात निकेल कमी करून मँगनीज वाढवलेले असते. त्यालाही चुंबक चिकटत नाही. उलट अस्सल ३०४ चा पत्रा वाकवला की त्या घडीपाशी चुंबक किंचित ओढला जातो. पुरवठादाराकडून मिल टेस्ट सर्टिफिकेट (धातूतील घटकांचे प्रमाण सांगणारा कारखान्याचा दाखला) मागावे आणि त्यातील हीट नंबर, म्हणजे पोलाद ज्या वितळणीतून आले तिचा क्रमांक, मालाशी ताडून पाहावा.

सीआरसीएवरचा आरोप मला अन्यायाचा वाटतो. उघडा सीआरसीए पत्रा गंजतो यात वाद नाही, परंतु प्रयोगशाळेत तो कोणी उघडा वापरत नाही. तेलकटपणा आणि गंज काढून, फॉस्फेटिंग (रंग घट्ट धरावा म्हणून फॉस्फेटचा पातळ थर देणे) करून, त्यावर ६० ते ८० मायक्रॉन जाडीचे इपॉक्सी पावडर कोटिंग भट्टीत भाजून चढवले, तर आम्लाचा थेंब पत्र्यापर्यंत सहजी पोहोचत नाही. जे सीआरसीए फर्निचर लवकर सडते, त्याचा गंज बहुधा कापलेल्या कडा, वेल्डिंगचे सांधे आणि फरशी धुताना भिजणारे पाय येथून सुरू झालेला आढळतो. कोटिंग झाल्यावर जागेवर येऊन कुलपासाठी भोक पाडणारा कारागीर तर गंजाला आमंत्रणच देतो! कापणे, भोके पाडणे आणि वेल्डिंग हे सारे कोटिंगच्या आधीच झाले पाहिजे, ही अट मागणीपत्रात हवी. इपॉक्सी उन्हात भुकटते, एवढी त्याची खरी उणीव आहे. ती खिडकीलगतच्या टेबलांपुरती लक्षात ठेवावी.

राहिला जीआय. दर चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून १२० ग्रॅम जस्त म्हणजे एका बाजूला जेमतेम ८ मायक्रॉनचा थर. ओलाव्यापासून तो लोखंडाचे रक्षण करतो, पण जस्त आम्लात विरघळते आणि कॉस्टिक सोड्यासारख्या तीव्र अल्कलीतही विरघळते. रंगाविना असा पत्रा प्रयोगशाळेत ठेवणे म्हणजे तो थर रसायनांच्या स्वाधीन करणे होय. शिवाय गुळगुळीत जस्तावर योग्य पूर्वप्रक्रियेविना रंग नीट धरत नाही आणि वेल्डिंगच्या जागी जस्त जळून जाते. दमट ठिकाणी जस्ताचा आधार हवाच असेल, तर गॅल्व्हनील पत्रा घ्यावा : त्यातील जस्त तापवून लोखंडाशी मिश्रधातू बनवलेले असते, त्यामुळे पृष्ठभाग खडबडीत राहतो आणि पावडर कोटिंग त्यावर घट्ट बसते.