तिसरा नमुना ओतून टाका

सर, प्लेसमेंटची, म्हणजे बढतीची, फाईल भरायला घेतलीत आणि संशोधन-पेपरच्या रकान्यापाशी येऊन अडलात, एवढंच ना? मग आधी त्या लॅबला कुलूप लावा. पेपर लिहायला प्रयोगापासून सुरुवात करायची असते, असा एक जुनाट समज अजून टिकून आहे. सुरुवात निष्कर्षापासून करायची. प्रयोग काय, मागून येतो.

विषयासाठी लांब जाऊ नका. सांगलीत राहून हळद सोडून दुसऱ्या कशावर संशोधन करणं म्हणजे निव्वळ करंटेपणा. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, मार्केट यार्डात पोत्यांच्या थप्प्या आहेत, ओळखीचा अडत्या मूठभर नमुना फुकट देतो. ‘सांगलीच्या हळदीतील करक्युमिनचे विविध रोगांवरील गुणकारी परिणाम’ असं शीर्षक टाका. रोग कोणते ते नंतर बघू. फक्त ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’त 2017 साली आलेला करक्युमिनचा, म्हणजे हळदीतल्या पिवळ्या रंगद्रव्याचा, आढावा चुकूनही उघडू नका. त्या मंडळींनी लिहून ठेवलंय की हा रेणू अस्थिर आहे, शरीरात धड शोषला जात नाही, चाचण्यांमध्ये फसवे होकार देतो; आणि 120 हून जास्त क्लिनिकल ट्रायल होऊनही प्लासिबोशी (खोट्या गोळीशी) तुलना करणारी एकही डबल-ब्लाइंड ट्रायल, म्हणजे खरी गोळी कुणाला मिळाली हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही कळू न देता केलेली चाचणी, यशस्वी झालेली नाही. असलं वाचलं की माणसाचा हुरूप जातो. संदर्भसूचीत मात्र जरूर घाला. वजन पडतं, आणि उघडून बघतंय कोण?

प्रयोग करावाच लागला तर तीन नमुने पुरेत. पावडर अल्कोहोलमध्ये ढवळा, गाळा, द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर 425 नॅनोमीटरवर लावा. पहिले दोन नमुने गुणी बाळासारखे वागतील. तिसऱ्याचं रीडिंग निम्म्यावर येईल. इथे नवशिके गडबडतात. क्युव्हेट, म्हणजे नमुन्याची छोटी नळी, पुसून पुन्हा लावतात, ब्लँक (नुसतं अल्कोहोल) तपासतात, वजनाचा काटा बघतात, आणखी नमुने आणायला परत यार्डात निघतात. एखादा तर ‘या पोत्यातली हळदच वेगळी असेल का?’ असला भलता प्रश्न विचारत बसतो आणि त्याचं अख्खं वर्ष त्यात जातं. तुम्ही सरळ तिसरा नमुना बेसिनमध्ये ओता, वर नळ सोडा. ज्याचं आपल्या निष्कर्षाशी पटत नाही, तो नमुना सदोष. आता दोनच नमुने उरले हे लिहायला बरं दिसत नसेल, तर प्रत्येकाचं रीडिंग तीन-तीनदा घ्या आणि नमुने सहा लिहा. (संख्याशास्त्रवाले याला वाईटसाईट नावं ठेवतात. त्यांच्या टेबलावर डबा खायला बसू नका.)

सहलेखकाच्या बाबतीत हात आखडू नका. यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीप्रमाणे दोघांनी मिळून पेपर लिहिला तर प्रत्येकाला 70 टक्के गुण मिळतात. म्हणजे एका पेपरचे 140 टक्के झाले. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम जन्मभर फळ्यावर लिहिणाऱ्यांनाही या हिशेबात काही खटकल्याचं मी ऐकलेलं नाही.

नियतकालिकाची काळजी नको. 2013 मध्ये जॉन बोहॅनन नावाच्या पत्रकाराने ‘सायन्स’साठी कर्करोगावरचा एक बनावट पेपर मुद्दाम ढोबळ चुका पेरून 304 ओपन अॅक्सेस (कुणालाही फुकट वाचता येणाऱ्या) नियतकालिकांना पाठवला होता. 157 जणांनी तो स्वीकारला! त्याने तर चुका करायला कष्ट घेतले होते, तुमच्या आपसूक होतील. त्यात यूजीसीची मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादीही 2025 मध्ये बंद झाली. नियतकालिक चांगलं की वाईट हे आता कॉलेजांनीच ठरवायचंय, म्हणजे आनंदीआनंद.

पीअर रिव्ह्यू मात्र लागतो, म्हणजे छापण्याआधी त्याच विषयातल्या जाणकारांकडून पेपर तपासून घेणं. खरसुंडीच्या जत्रेत खिलार बैलाचा सौदा टॉवेलखाली बोटं दाबून व्हायचा. भोवतीच्या गर्दीला नुसते दोघांचे चेहरे दिसायचे. आपल्याला रिव्ह्यू तसाच हवा. ‘नेचर’ने जून 2025 पासून नव्या संशोधन-पेपरांसोबत समीक्षकांचे शेरे आणि लेखकांची उत्तरं छापायला घेतलीत, म्हणजे टॉवेलच ओढून घेतला. असल्या ठिकाणी पेपर पाठवू नका. जिथे समीक्षकांची नावं तुम्हालाच सुचवायला सांगतात, ते घर आपलं. दक्षिण कोरियातल्या एका वनस्पती-संशोधकाने नावं सुचवली, पण सोबत दिलेले ईमेल पत्ते स्वतःच्याच हातातले ठेवले, आणि आपल्या पेपरांवर आपणच छान शेरे मारले. 2012 मध्ये पकडला गेला. का, तर शेरे 24 तासांच्या आत परत यायचे म्हणून संपादकाला शंका आली. खरा समीक्षक दोन-दोन महिने उत्तर देत नाही, एवढं तरी त्याला कळायला हवं होतं. तुम्ही दिवाळीची सुट्टी जाऊ द्या, दोन स्मरणपत्रं येऊ द्या, मग ‘तक्ता 2 मधील शुद्धलेखन सुधारावे’ एवढी कडक टीका करा.

शेवटी ‘वाजवी विनंती केल्यास डेटा उपलब्ध करून देण्यात येईल’ हे वाक्य टाकायला विसरू नका. असं लिहिणाऱ्या 1,792 पेपरांच्या लेखकांकडे कुणीतरी खरंच डेटा मागून बघितला, त्याचा निकाल 2022 मध्ये छापून आलाय. 93 टक्क्यांनी उत्तर दिलं नाही किंवा नकार दिला. तेव्हा तुम्ही एकटे पडणार नाही. कृतीच्या भागात ‘योग्य प्रमाणात’, ‘आवश्यक तेवढा वेळ’, ‘प्रचलित पद्धतीने’ असे शब्द सढळ हाताने वापरा. उद्या एमएस्सीची एखादी पोरगी हाच प्रयोग करून बघते म्हणाली आणि तिची रीडिंग वेगळी आली, तर तिचंच ‘प्रमाण’ चुकलं असं म्हणता येतं. तरीही ती ऐकेना, तर तिला पाणी-परीक्षणाचा विषय देऊन कृष्णेच्या घाटावर बाटल्या भरायला पाठवा.

रिट्रॅक्शनची, म्हणजे छापलेला पेपर नियतकालिकाने मागे घेण्याची, भीती वाटते? लस आणि ऑटिझमचा संबंध जोडणारा तो कुप्रसिद्ध पेपर ‘लॅन्सेट’मध्ये 1998 साली आला, आणि तो पूर्णपणे मागे घ्यायला 2010 उजाडलं. जगभर बोभाटा झालेल्या पेपरला 12 वर्षं लागली, सर. तुमची सेवा किती उरलीय?